आजीचं लाटणं चाळीस वर्षं टिकलं, माझं एका उन्हाळ्यात का तडकलं?

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेले अडखळे आणि मधला मिक्सरचा आवाज काढून टाकलाय. बाकी जसं बोलले तसंच आहे.)

०:०० – सुरुवात



आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे, पण रेसिपी नाही. विषय आहे लाटणं. हो, तेच पोळी लाटायचं. हसू नका, शेवटपर्यंत ऐका.

झालं असं. मी जळगावला नोकरीसाठी खोली घेतली तेव्हा बाजारातून नवं लाटणं आणलं. ऑगस्ट महिना होता. छान गुळगुळीत, चकचकीत, वर पॉलिश मारलेलं. एप्रिल आला, आणि एका टोकापासून सरळ चीर गेली. पोळीचं पीठ त्या चिरेत अडकायला लागलं. शिवाय पोळी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. मला वाटलं माझाच हात वाईट.

सुट्टीत धुळ्याला आजीकडे गेले तर लाटणं सोबत नेलं. आजीने ते ओट्यावर ठेवलं आणि हाताने हळूच ढकललं. ते टक-टक-टक करत अडखळत गेलं. मग तिचं स्वतःचं लाटणं ढकललं. ते आवाज न करता पार भिंतीपर्यंत गेलं. तिचं लाटणं माझ्या आईच्या लग्नाच्याही आधीचं, चाळीस वर्षांपेक्षा जुनं. आजी एवढंच म्हणाली, "तुझं गोल नाही गं राहिलं आता."

'राहिलं नाही' म्हणजे काय? लाकूड गोलाचं चपटं होतं का? होतं. का होतं आणि ते होऊ नये म्हणून जुने कारागीर काय करायचे, हाच आजचा एपिसोड.

१:४५ – कातारी म्हणजे कोण?

लाकूड फिरवून, त्याला पटाशी लावून गोल वस्तू काढणाऱ्या कारागिराला मराठीत जुना शब्द आहे कातारी. आपल्याकडे गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्ही जवळ, त्यामुळे खरादी हा शब्दही कानावर पडतो. यंत्राला कुणी खराद म्हणतं, कुणी चरक, आणि आता सगळेच लेथ म्हणतात.

मला आवडलेली गोष्ट ही की मराठीत सूत कातणं आणि लाकूड कातणं, दोन्हीला एकच क्रियापद आहे. आपण कापसाच्या मुलखातले, आपल्याला सूत कातणं माहीत. पण लाकूडही कातलं जातं हे आपण विसरलो. 'कातीव खांब' म्हणतात ना जुन्या वाड्याचे, त्यातला 'कातीव' हाच.

आता घरात शोधा, कातलेल्या वस्तू किती आहेत. लाटणं तर आहेच. पोळपाट. ताक घुसळायची रवी. बाजेचे पाय, ज्यांना जुनी माणसं माचवे म्हणतात. पाळण्याचे खांब, देव्हाऱ्याचे खांब, जिन्याच्या कठड्याचे दांडे. कुंकवाचा करंडा. चकलीचा लाकडी सोऱ्या. बुद्धिबळाचे मोहरे, भोवरा. बैलगाडीच्या चाकाच्या मधला तो जाड गट्टू, ज्यात आरे बसतात, तो तुंबा. म्हणजे पाळण्यापासून शेतापर्यंत कातारी सगळीकडे होता. त्याचं नाव मात्र कुठे लिहिलेलं नसायचं.

३:२० – लेथ काम कशी करते?

लेथ समजायला सोपी आहे. लाकडाचा चौकोनी तुकडा घ्या. दोन्ही टोकांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारा. जिथे रेषा कापतात तो मध्य. त्या दोन मध्यबिंदूंमध्ये लाकूड दोन टोकदार खिळ्यांच्या पकडीत आडवं अडकवायचं आणि फिरवायचं. समोर एक आडवा टेका असतो, त्यावर पटाशी ठेवायची आणि धार लाकडाला लावायची. कोपरे उडतात, लाकूड गोल होतं. बस, एवढंच.

हे तंत्र फार जुनं आहे. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुजाऱ्याच्या थडग्यात सुमारे इ.स.पू. ३०० चं एक चित्र कोरलेलं आहे. त्यात दोन माणसं दिसतात. एक जण पट्ट्याने लाकूड मागेपुढे फिरवतोय, दुसरा हत्यार धरून बसलाय. आपल्याकडेही वीज येण्याआधी असंच होतं. लाकडाला दोरीचा वेढा द्यायचा आणि एकाने दोरी आळीपाळीने ओढायची, नाहीतर कमानीला दोरी बांधून ती पुढे-मागे न्यायची. कारागीर जमिनीवर बसायचा आणि हत्यार स्थिर ठेवायला हातासोबत पायाची बोटंही वापरायचा.

यात एक गंमत आहे. दोरी पुढे ओढली की लाकूड एका दिशेला फिरतं, परत ओढली की उलट्या. धार फक्त लाकूड आपल्याकडे येताना कापते. म्हणजे निम्मा वेळ कापायचं, निम्मा वेळ हत्यार किंचित मागे घ्यायचं. प्रत्येक फेरीला. दिवसभर. मोटर आल्यावर लाकूड एकाच दिशेला फिरायला लागलं आणि दोरी ओढणारा माणूस लागेनासा झाला. तो बहुतेक वेळा घरातलाच मुलगा असायचा. दोरी ओढता ओढता तो बघून शिकायचा. मोटरने कष्ट वाचवले, पण ती बघत शिकायची जागाही गेली. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत येऊ.

५:१० – खरवडणं आणि कापणं

नवशिका पटाशी सरळ लाकडात घुसवतो. मग लाकूड कापलं जात नाही, खरवडलं जातं. भुसा पडतो आणि पृष्ठभाग केसाळ होतो. मग तो सँडपेपर घासत बसतो.

जाणता माणूस तीन गोष्टी क्रमाने करतो. आधी पटाशी टेक्यावर पक्की टेकवतो. मग धारेच्या मागचा उतार, म्हणजे धार लावताना घासलेली तिरपी बाजू, फिरत्या लाकडावर नुसती टेकवतो. अजून काही कापलं जात नाही. मग मूठ हळूहळू वर उचलतो, आणि धार लाकडाला लागते. आता लाकडाची लांब, कुरळी सालं निघतात, सफरचंद सोलल्यासारखी. तो मागचा उतार लाकडावर टेकलेला असल्यामुळे धार हवी त्यापेक्षा खोल जात नाही. असं कापलेलं लाकूड सँडपेपरशिवायच गुळगुळीत लागतं.

शेवटी कारागीर काय करतात? त्याच लाकडाची मूठभर सालं घेऊन फिरत्या वस्तूवर दाबतात. घासून चमक येते. फुकटचं पॉलिश!

आयटीआयला टर्नर ट्रेड करणारे श्रोते आपल्याकडे बरेच आहेत. त्यांना प्रश्न पडेल, हे तर आम्ही शिकतोच. तुम्ही शिकता ते लोखंडाचं. तिथे हत्यार यंत्रावर घट्ट बसवलेलं असतं आणि चाक फिरवून मिलिमीटरच्या हिशोबात पुढे सरकतं. इथे हत्यार हातात असतं. तुमचं मोजमाप, धार लावणं, मध्य काढणं हे सगळं उपयोगी पडेल. पण हाताचा अंदाज नव्याने कमवावा लागेल.

७:०० – मग माझं लाटणं का तडकलं?

आता मुख्य मुद्दा. लाकूड जिवंत झाडात पाण्याने भरलेलं असतं. कापल्यावर आधी पेशींच्या पोकळीतलं पाणी जातं, तोपर्यंत आकार बदलत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली आला की पेशींच्या भिंतींमधलं पाणी जायला लागतं आणि तिथून लाकूड आकसायला लागतं.

पण ते सगळीकडून सारखं आकसत नाही. खोडाच्या गोल वलयांच्या दिशेने जास्त आकसतं, गाभ्याकडून सालीकडे कमी. साधारण दुप्पट फरक. सागाचं उदाहरण घ्या. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वलयांच्या दिशेने ५ ते ६ टक्के, गाभ्याकडून सालीकडे २.५ टक्क्यांच्या आसपास. सागाला टिकाऊ म्हणतात त्याचं एक कारण हेच, तो कमी आकसतो. बरीच लाकडं यापेक्षा जास्त आकसतात.

आता हिशोब करा. ओल्या सागातून ४ सेंटिमीटर जाडीचं अगदी गोल लाटणं कातलं आणि मग ते वाळलं, तर एका बाजूची जाडी दुसरीपेक्षा जवळपास एक मिलिमीटरने कमी होईल. गोल होतं ते अंडाकृती झालं. ओट्यावरची टक-टक तीच. पोळीची जाडी एक-दोन मिलिमीटर असते, त्यात एवढा फरक म्हणजे पोळी बिघडणारच. माझा हात वाईट नव्हता!

आणि चीर? लाटण्याच्या टोकाकडे बघितलं तर बरोबर मध्ये एक बारीक ठिपका होता. तो झाडाचा गाभा. बारीक फांदी घेऊन अख्खी कातली की गाभा आत राहतो. त्याच्याभोवतीची वलयं आकसायला लागतात, पण आतून लाकूड तेवढं आकसत नाही. मग ताण सोडवायला एकच रस्ता उरतो, सालीपासून गाभ्यापर्यंत फाटणं.

यात आपल्या खान्देशची हवा भर घालते. पावसाळ्यात हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर लाकूड १५-१६ टक्के ओलावा धरून बसतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४५ वर, दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा खाली. तेव्हा तेच लाकूड ४-५ टक्क्यांपर्यंत वाळतं. कोकणात हा फरक एवढा मोठा नसतो. म्हणून तिकडे चाललेली वस्तू इकडे तडकू शकते. आपल्याकडच्या कारागिराला लाकूड जास्त काळ वाळवावं लागतं.

९:०५ – जुन्या लाटण्यात काय वेगळं होतं?

मी दोन्ही लाटणी घेऊन पांझरेच्या काठाजवळ जुन्या धुळ्यात एका म्हाताऱ्या कातारीबाबांकडे गेले. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांनी आजीच्या लाटण्याचं टोक ओलं केलं आणि मला वलयं दाखवली. गाभा कुठेच नव्हता. सगळ्या रेषा जवळजवळ समांतर. म्हणजे मोठ्या ओंडक्याच्या बाहेरच्या भागातून चिरलेला तुकडा घेतला होता. शिवाय रेषा लांबीतही सरळ होत्या, मध्ये कुठे गाठ नाही.

त्यांची पद्धत अशी. लाकूड आणलं की टोकांना मेण किंवा जाड रंग लावायचा, कारण टोकाकडून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगाने जातं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. मग सावलीत, हवेशीर जागी, एकावर एक पट्ट्या ठेवून रचायचं. फळीच्या इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, हा जगभरातला ढोबळ हिशोब आहे. एकदा ओबडधोबड गोल करायचं, जरा जाड ठेवायचं. एक उन्हाळा जाऊ द्यायचा. जे वाकायचं, आकसायचं ते होऊन जातं. मग दुसऱ्यांदा लेथवर चढवून अंतिम माप. आजीचं लाटणं दोनदा कातलेलं होतं. माझं एकदाच, आणि तेही बहुधा ओलं.

आणखी एक. त्यांच्याकडे पापडाचं लाटणं वेगळं मिळतं. बारीक, दोन्ही टोकांकडे निमुळतं. उडदाचा पापड पोळीपेक्षा खूप पातळ लागतो, पीठ घट्ट असतं. बारीक लाटण्याने जोर थोड्या जागेवर पडतो आणि निमुळत्या टोकांमुळे पापड लाटता लाटता फिरवता येतो. उन्हाळ्यात गल्लीत पापड लाटणाऱ्या बायांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

१०:५० – कोणतं लाकूड?

साग आणि शिसव ही नावं सगळ्यांना माहीत. सातपुड्यात, म्हणजे यावल, रावेर, चोपडा, शिरपूरच्या वरच्या अंगाला सागाचं जंगल आहे. पण जंगलातलं लाकूड आणणं गुन्हा आहे. स्वतःच्या शेतातल्या सागालाही हात लावण्याआधी परवानगी लागते, त्यासाठी राज्यात १९६४ पासून वृक्षतोडीचा कायदा आहे. म्हणून लाकूड नेहमी वखारीतून, पावती घेऊन.

शिकायला साग लागतच नाही. बांधावरचं बाभळीचं लाकूड जड, चिवट. बैलगाडीची चाकं उगाच त्याची करत नव्हते. आंबा मऊ, कापायला सोपा, नवशिक्याला उत्तम. कडुनिंब सहज मिळतो. आपल्या कोरड्या रानातला अंजन हा तर देशातल्या सर्वात जड, कठीण लाकडांपैकी. धार लगेच बोथट करतो, त्याच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका.

आणि काळा कुडा. याचं लाकूड पांढरं, बारीक पोताचं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची प्रसिद्ध रंगीत खेळणी याचीच बनतात, तिकडे त्याला 'आले मरा' म्हणतात. तिथे रंग ब्रशने देत नाहीत. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते, आणि मग केवड्याच्या पानाने घासून चमकवतात. आपल्या शेजारी गुजरातेत सांखेड्याचं फर्निचर, झोपाळे, पाळणे हेही कातकाम आणि लाखेचंच. महाराष्ट्रात सावंतवाडीची चितारआळी आहे, तिथली लाकडी फळं-भाज्या बघून खरी वाटतात.

मग खान्देशचं नाव का नाही? आपल्याकडचे कातारी खेळण्यांपेक्षा रोजच्या वापरातल्या वस्तू करत होते. बाजा, पाळणे, चाकं. बाजेच्या जागी लोखंडी पलंग आला, लाकडी चाकाच्या जागी रबरी. आणि जळगाव तर आता प्लास्टिकच्या पाइपांचं आणि चटयांचं गाव. तक्रार नाही, त्यावरही हजारो घरं चालतात. पण मागणी कुठे गेली ते कळतं.

१२:४० – हात सांभाळा

यूट्यूब बघून लगेच सुरू करणाऱ्यांसाठी.

वेग. १० इंच व्यासाचं भांडं ६०० ते ९०० फेऱ्यांवर फिरवतात. ९०० वर त्याची कड ताशी ४३ किलोमीटरने पळते. तेच ३००० वर फिरवलं तर ताशी १४० च्या पुढे. तुकडा सुटला तर तोंडावर येईल. ४ सेंटिमीटरच्या लाटण्याला मात्र २००० फेऱ्या चालतात, कारण त्याची कड ताशी १५ किलोमीटरच्या आसपास असते. वस्तू मोठी तर वेग कमी, हे पाठ करा.

ओढणी, सैल बाह्या, बांगड्या, मोकळे केस, हातातला दोरा, काहीही लोंबतं नको. हातमोजे अजिबात नको, मोजा अडकला की हात ओढला जातो. चेहऱ्यावर पूर्ण काच. आणि मास्क. लाकडाच्या बारीक धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवलंय. शिसवाच्या धुळीने अनेकांना खाज आणि श्वासाचा त्रास होतो.

लाटण्याला तेल द्यायचं तर जवसाचं कच्चं तेल, पातळ हात, आणि आठवडाभर सुकू द्या. शेंगदाण्याचं तेल सुकत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं. जवसाच्या तेलाचा बोळा गोळा करून टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

१४:१० – शिकावं का?

एका श्रोत्याने विचारलंय, "ताई, यावर पोट भरेल का?"

खरं सांगते. नुसत्या लाटण्यांवर नाही. साचा लावून एकसारखे नग काढणारी यंत्रं आहेत, त्यांच्याशी भावात स्पर्धा होणार नाही. पण यंत्राला जे परवडत नाही ते काम आहे. जुन्या पाळण्याचा एकच खांब तुटलाय, तसाच हवाय. वाड्याच्या कठड्याचे चार दांडे हवेत. कुणाला नातवासाठी प्लास्टिक नसलेलं खेळणं हवंय. सुतारकाम येत असेल आणि सोबत हे येत असेल, तर ते जास्तीचं कौशल्य ठरतं.

सरकारी मदतीचं बघायचं तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्या १८ व्यवसायांत कातारी असं वेगळं नाव नाही, पण सुतार आहे आणि बाहुल्या-खेळणी बनवणारे आहेत. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज, अशी तरतूद आहे. अर्ज नागरी सुविधा केंद्रातून होतो.

आणि शेवटचं. त्या बाबांचा मुलगा दुसऱ्या गावी नोकरी करतो. दोरी ओढायला कुणी नाही, आता दोरीही नाही. निघताना मी विचारलं, रविवारी येऊन बसू का? ते म्हणाले, ये, पण आधी एक महिना फक्त धार लावायला शिकायचं. मी चार रविवार जाऊन आलेय. अजून लाकडाला हात लावलेला नाही. पण पटाशीने कागद कापता येतो आता.

तुमच्यासाठी काम एकच. आज घरातलं लाटणं ओट्यावर ढकला. टोक ओलं करून बघा, गाभा मध्ये आहे का. आणि आजीला विचारा, हे कुठून आणलं होतं. ज्याच्याकडून आणलं तो माणूस अजून काम करत असेल तर त्याचा पत्ता नको, फक्त गाव आणि तो काय बनवतो ते मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. कदाचित तुमच्या गल्लीतही एखादा रविवार रिकामा असेल.

चला, भेटू पुढच्या भागात. पोळी करपू देऊ नका!